पोचल्याचा फोन

फौजेत माणूस लढण्यापेक्षा वाट पाहण्यात जास्त वर्षं घालवतो, हे भरतीच्या वेळी कोणी सांगत नाही. गाडीची वाट, रजेची वाट, टपालाची वाट, जेवणाच्या घंटेची वाट. बंदूक चालवायला शिकवतात, नकाशा वाचायला शिकवतात, वाट पाहायला मात्र ज्याचं त्यानं शिकायचं. मी बावीस वर्षं नोकरी केली आणि तेवढं एक मला कधी नीट जमलं नाही. ते किती जमलं नाही, हे मला रायपुरात कळलं.

तेव्हा छत्तीसगड राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. माझी पोस्टिंग दक्षिणेच्या जंगलात होती. रजा संपवून परतायचं म्हणजे आधी रायपूरच्या ट्रान्झिट कॅम्पात हजर व्हायचं आणि तिथून खाली जाणाऱ्या काफिल्यात जागा मिळेपर्यंत थांबायचं. एकट्यानं बसनं निघून जायची परवानगी नव्हती. रस्ता तपासून झाला की ट्रकांची रांग एकत्र निघे, आणि त्या रांगेत तुमचं नाव असलं तरच तुम्ही जात.

त्या वेळी माझी बायको रायपुरातच होती. माझं गाव भंडाऱ्याकडचं, पण तिचं माहेर रायपूरच्या रेल्वे कॉलनीत. सासरे वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे तिला सातव्या महिन्यात तिकडे आणलं होतं. रजेचा अर्ज मी बाळंतपणाच्या महिन्याचा टाकला होता. मंजूर झाली ती एक महिना आधीची. कंपनीचा कारकून म्हणाला, ‘‘बच्चा तो आगे-पीछे होता रहता है, छुट्टी नहीं होती.’’ त्यानं ते इतक्या सहज सांगितलं की मलाही क्षणभर पटलं. रजा संपली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं अजून तीन आठवडे बाकी होते. मूल जन्मेल तेव्हा मी तिथे नसेन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या दिवसांत दुसरं काही नव्हतंच.

ट्रान्झिट कॅम्प म्हणजे भनपुरीकडचं एक जुनं गोदाम. आधी तिथे सिमेंट ठेवत असावेत, कारण कोपरे कितीही झाडले तरी राखाडी भुकटी निघायची. वर पत्रे, खाली लोखंडी खाटा, चारी बाजूंना ट्रान्सपोर्टवाल्यांचे ट्रक. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी वाऱ्याबरोबर येई, आणि सकाळी उठल्यावर डोकं टेकलं होतं तेवढी जागा सोडून सगळी उशी काळी दिसे. बनियन धुवून वाळत घातली की वाळेपर्यंत पुन्हा धुवायला यायची. तरी आम्ही धूत असू, कारण त्यात तासभर जायचा.

कॅम्पाची रीत अशी होती. दुपारी बाराच्या सुमारास फळ्यावर दुसऱ्या दिवशीच्या काफिल्याची यादी लागे. नाव लागलं की पहाटे पाचला सामान घेऊन उभं राहायचं. पण यादीत नाव लागणं आणि ट्रकात बसणं यांत फार अंतर होतं. रायपूर राजधानी झाल्यापासून रोज कोणी ना कोणी मोठा माणूस यायचा, कशाचं तरी उद्घाटन व्हायचं, आणि आमच्यासाठी ठेवलेल्या गाड्या रातोरात बंदोबस्ताला जायच्या. मग पहाटे हवालदार यादी घेऊन यायचा, निम्मी नावं वाचायचा आणि म्हणायचा, ‘‘बाकी लोग आराम करो.’’ सकाळी सहाला एक गिनती, संध्याकाळी सहाला दुसरी. मधले बारा तास कोणी विचारत नसे. मुक्काम मात्र कॅम्पातच, त्यात सवलत नाही.

पहिल्यांदा नाव लागलं शनिवारी. मी लगेच सासरी गेलो. कॉलनी कॅम्पापासून चार किलोमीटर, चालतच गेलो. उद्या निघतो म्हटल्यावर घरात धावपळ सुरू झाली. सासूबाईंनी पुरण घातलं. सासऱ्यांनी कारखान्यातून अर्धी सुट्टी काढली. जेवण झाल्यावर मला पाटावर बसवून ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली, शर्टाचं कापड दिलं, नारळ दिला, आणि निघताना तळहातावर दही ठेवलं. शेजारची छत्तीसगढी काकी, जिच्या घरी कॉलनीतल्या आमच्या रांगेतला एकुलता एक फोन होता, तीसुद्धा पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. बायको वाकून पाया पडायला लागली तर सासूबाईंनी तिला वरच्यावर धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सासरे मला सायकलवर डबलसीट घेऊन कॅम्पाच्या फाटकापर्यंत सोडायला आले. साठीला टेकलेला माणूस पायडल मारतोय आणि जावई मागे नारळ धरून बसलाय, हे मला काही बरं वाटत नव्हतं, पण जावयाला पायी पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

रविवारी पहाटे माझं नाव वाचलं गेलं नाही.

नऊ वाजता मी पुन्हा सासरच्या दारात उभा. सगळ्यांना आनंद झाला, खोटं कशाला सांगू. बायकोनं हसू दाबलं आणि विचारलं, ‘‘काहून? बाबानं ट्रकापर्यंत नाही सोडलं म्हणून रुसून आले काय?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘देवानंच ठेवून घेतलं म्हणा न.’’ पण त्यांनी मला तसंच आत येऊ दिलं नाही. निरोप घेऊन निघालेला माणूस उलट्या पावली घरात आला तर शकुनाला चांगलं नाही, असं त्या मानत. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चुळा भरायला लावल्या, मगच आत घेतलं. कोंबडी शिजली. मी बायकोच्या शेजारी बसून लसूण सोलली. पोटातलं मूल लाथ मारतं तेव्हा तिचा पदर हलतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती म्हणाली, ‘‘पाहा, तुम्हाले ओळखून राहिलं.’’ त्या एका दिवसासाठी मी बंदोबस्तात अडकलेल्या सगळ्या गाड्यांना मनोमन आशीर्वाद दिला.

पण दुपारी कॅम्पात डोकावून आलो तर फळ्यावर पुन्हा नाव. पुन्हा पाट, पुन्हा निरांजन, पुन्हा दही. कापडाऐवजी या वेळी चिवड्याचा डबा. काकी पुन्हा आली. बायको पुन्हा रडली. सासऱ्यांनी पुन्हा सायकल काढली.

सोमवारी पहाटे माझ्या ट्रकात तांदळाची पोती चढली आणि आम्ही आठ जण खाली उतरलो.

त्या दिवशी सासरी जाताना पाय जड झाले होते. मेहुणी कॉलेजात जायला निघाली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. मला पाहून म्हणाली, ‘‘अरे जीजाजी, आप फिर आ गए?’’ ती सहज बोलली, पण ‘फिर’ माझ्या कानात राहिलं. काकी नळावरून हंडा घेऊन येत होती. तिनं सासूबाईंना विचारलं, ‘‘दमाद बाबू फेर आगे का?’’ सासूबाईंनी खाली मान घालून ‘‘हव’’ म्हटलं. तेवढंच. पण माझा चेहरा उतरला. सासऱ्यांनी शनिवारी अर्धी सुट्टी घेतली होती, त्यांचा रविवार माझ्यातच गेला होता आणि सोमवारीही सुट्टी घ्यायला ते तयार होते, कारण जावई घरी असताना सासऱ्यानं कामावर जाणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, ‘‘बाबा, तुम्ही जा न ड्युटीवर.’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही रोज रोज थोडी येता?’’ आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की मी रोजच येत होतो.

दुपारी यादी लागली, नाव लागलं. पुन्हा निरोप. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात. तसं रोज निघे त्याला कोण ओवाळे? पण त्यांनी ओवाळलं, काही कमी केलं नाही. सासूबाईंनी दही ठेवलं, ते मी चाटलं. दह्याला चव होती की नाही आठवत नाही. बायको दाराला टेकून उभी होती. ती रडली नाही. तिचे पाय सुजले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि तिच्या तोंडावर मला फक्त थकवा दिसला. मी समजलो, आपल्या जाण्यानं हिला जेवढा त्रास होतो त्यापेक्षा परत परत येण्यानं जास्त होतोय. निदान तसं समजून घेणं मला सोपं गेलं. खरं म्हणजे मलाच सहन होत नव्हतं. दाराबाहेर पडून रस्त्याच्या वळणापर्यंत जाणं आणि तिथे मागे वळून पाहणं, हे माणूस एकदा करू शकतो. दुसऱ्यांदाही करील. चौथ्यांदा मी करणार नव्हतो.

मंगळवारी पहाटे हवालदार म्हणाला, ‘‘बाकी लोग आराम करो.’’ मी बाकी लोकांत होतो.

मी सासरी गेलो नाही. दिवसभर खाटेवर पडून राहिलो. चिवडा खाल्ला. बाजूच्या खाटेवर एक हिमाचली जवान होता, तो आपले बूट काढून चमकवायचा, घालायचा, चार पावलं चालायचा, आणि पुन्हा काढून चमकवायचा. दुपारपर्यंत मी ते पाहत होतो. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि मी उठून बसलो. घरची मंडळी पोचल्याच्या फोनची वाट पाहत असणार. तेव्हा त्या रस्त्यावर कुठे सुरुंग फुटेल याचा नेम नसे, संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर माणसं बातम्यांसाठी रेडिओपाशी बसायची. गेल्या खेपेला मला फोन करायला उशीर झाला तर सासूबाईंनी दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. म्हणजे फोन करायला हवा. आणि फोन केला तर ‘अजून इथेच आहे’ म्हणायचं, की ‘पोचलो’ म्हणायचं?

साडेपाचला, म्हणजे काफिला पोचायच्या वेळी, मी भनपुरीतल्या एका एसटीडी बूथमध्ये शिरलो. काकीकडे फोन लावला. काकीनं हाक मारली, आणि बायको येईपर्यंत मला त्यांच्या आवारातली कुत्री, नळ, कुणाचं तरी रेडिओवरचं गाणं ऐकू येत राहिलं. ती धापा टाकत आली. मी ओरडून म्हणालो, ‘‘पोचलो. कॅम्पात पोचलो.’’ जंगलातून बोलताना ओरडावं लागतं म्हणून ओरडलो. बूथवाल्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं.

ती नेहमीसारखी जरा थांबली. मग म्हणाली, ‘‘जेवले काय?’’

‘‘हो.’’

‘‘बरं. तब्येत सांभाळजा.’’

‘‘तू पण.’’

‘‘हव,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाहेर आलो तेव्हा मला फार मोकळं वाटलं. कोणाला रडवलं नाही, कोणाची सुट्टी बुडवली नाही, आणि घरच्यांचा जीवही भांड्यात पडला. आपण मोठंच शहाणपण केलं असं मला वाटलं. गिनतीला उभा राहिलो तेव्हाही तोच तोरा होता.

तो तोरा बुधवारी सकाळी उतरला. आदल्या दुपारी यादी फळ्यावर लागलीच नव्हती, आणि समोर बारा तास होते. आता या शहरात मी कोणाच्याही लेखी नव्हतो. ज्यांना मी हवा होतो त्यांच्यासाठी मी जंगलात होतो, आणि जंगलातल्यांसाठी अजून आलो नव्हतो. आपला माणूस चार किलोमीटरवर आणि आपण त्याच्यापासून लपलेले. पहाऱ्यावर मी एकटा बसलोय, पावसात झाडाखाली एकटा उभा राहिलोय, पण त्या बुधवारी वाटलं तसं एकटेपण मला कधी वाटलं नव्हतं. ते दुसऱ्या कोणी दिलेलं असतं तर मी त्याच्यावर चिडलो तरी असतो.

कॉलनीच्या बाजूला जायची सोय नव्हती, म्हणून मी शहरात गेलो. जयस्तंभ चौकात उभा राहिलो. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत तेव्हा मंत्रालय बसलं होतं, लाल दिव्याच्या गाड्या आत-बाहेर करत होत्या. एका कचेरीवर एक पेंटर शिडीवर चढून पाटी रंगवत होता. जुन्या राज्याचं नाव पांढऱ्या रंगानं पुसून त्यावर नवीन राज्याचं नाव लिहीत होता. पांढरा रंग पातळ होता, खालचं जुनं नाव अर्धवट दिसत होतं. मी त्याचं काम पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिलं. शेवटी तो वरूनच म्हणाला, ‘‘क्यों भैया, आपको भी कुछ लिखवाना है?’’ मी नाही म्हटलं आणि पुढे गेलो.

एका टपरीवर पोहे-जिलेबी खाल्ली. बूढा तालाबच्या काठी बसलो. शेजारी कोणीतरी टाकलेला पेपर होता. तो मी बातम्यांपासून निविदांपर्यंत वाचला, मग हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती, मग वधू-वर पाहिजेत. कोणत्या तरी वर्मा कुटुंबाला गोरी, सुशील, शिवणकाम येणारी मुलगी हवी होती. मी त्यांच्यासाठी मनात दोन-तीन मुली पाहून ठेवल्या. दुपारी वाटलं, सरळ उठावं, कॉलनीत जावं आणि दारात उभं राहून सांगावं की मी खोटं बोललो. उठलोही. चौकापर्यंत गेलोही. तिथे मेहुणीचं ‘फिर’ आठवलं, काकीचा हंडा आठवला. आणि आता तर नुसतं परत येणं नव्हतं, खोटं पकडून द्यायचं होतं. तीनदा ओवाळून पाठवलेला जावई चौथ्यांदा काळं तोंड घेऊन येणार. मी वळलो आणि कॅम्पाच्या रस्त्याला लागलो.

गुरुवारी तेच केलं, फक्त उलट्या क्रमानं. आधी तालाब, मग चौक. पेंटर नव्हता. सकाळी कॅम्पात दाढी केलीच होती, वेळ जावा म्हणून एका न्हाव्याकडे केसही कापून घेतले. अडीचच्या पुढे मी पायी परत निघालो. फाफाडीहच्या चौकात आलो असेन, तोच समोरून सायकलवर सासरे येताना दिसले.

मी विचारसुद्धा केला नाही. डाव्या हाताला एक सलून होतं, त्यात शिरलो, रिकाम्या खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, ‘‘दाढी.’’ न्हाव्यानं माझ्या गुळगुळीत गालाकडे पाहिलं आणि ब्रश पाण्यात बुडवला. तोंडाला साबण लागला तेव्हा कुठे मी आरशात पाहिलं. आरशात रस्ता दिसत होता. सासरे जोरात पायडल मारत होते. अंगात कारखान्याचा निळा शर्ट होता, कपडे बदलले नव्हते. हँडलला पिशवी होती आणि पिशवीतून थर्मासचं लाल झाकण बाहेर आलं होतं. ते सिग्नलपाशी थांबले, उतरले, आणि सायकल हातात धरूनच धावत रस्ता ओलांडून स्टेशनच्या बाजूला गेले.

थर्मास घेऊन कामाच्या वेळी माणूस कुठे जातो हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं असं आहे की मला कळत होतं आणि मी ते कळू दिलं नाही. मी म्हटलं, कारखान्यात कोणाला लागलं असेल. मी म्हटलं, अजून दोन आठवडे आहेत. न्हावी वस्तरा फिरवत होता, गालावर काढायला काही नव्हतं, नुसता साबण निघत होता. तो म्हणाला, ‘‘हो गया भैया, और कितना करूँ?’’ मी म्हटलं, ‘‘एक बार और.’’

शुक्रवारी पहाटे हवालदारानं माझं नाव सगळ्यांत आधी वाचलं. अभनपूर मागे टाकेपर्यंत उजाडलं होतं. धानाची कापणी सुरू होती, बांधावर बायका ओळीनं चालल्या होत्या. ट्रकातले सगळे गात होते. मी मागच्या फळीला टेकून बसलो आणि घाट सुरू होईपर्यंत कोणाशी बोललो नाही.

सासऱ्यांचं पत्र अकराव्या दिवशी आलं. त्यांचं अक्षर कारखान्यातल्या पाट्यांसारखं, ठळक आणि सरळ. त्यांनी लिहिलं होतं की तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन मंगळवारी मिळाला, सर्वांना बरं वाटलं. पुढे, गुरुवारी सकाळपासून मुलीला कळा सुरू झाल्या, दुपारी साडेतीन वाजता कन्यारत्न झालं, दोघी बऱ्या आहेत. शेवटी लिहिलं होतं, ‘आपण जवळ असता तर मुलीला धीर आला असता, पण कर्तव्य मोठे आहे, हे आम्ही जाणतो.’ कंपनीत लाडू वाटले गेले. कारकून म्हणाला, ‘‘देखा, मैंने कहा था न, आगे-पीछे होता है.’’ मी पत्र घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेलो आणि लहान मुलासारखा रडलो. सगळे समजले आनंदानं रडतोय.

पुढची रजा पाच महिन्यांनी मिळाली. तोपर्यंत बायको भंडाऱ्याला आमच्या घरी आली होती. मुलगी गुबगुबीत झाली होती, अनोळखी माणूस म्हणून माझ्याकडे टक लावून पाहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको मागच्या अंगणात पाय पसरून बसली होती आणि पायांवर घेऊन लेकीला तेल लावत होती. घरात कोणी नव्हतं. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. मंगळवार, बूथ, तालाब, न्हावी, आरशातली सायकल, काही ठेवलं नाही. सांगताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो.

ती म्हणाली, ‘‘मले ठाऊक होतं.’’

‘‘काय?’’

‘‘तुम्ही रायपुरातच होते ते.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘कोणी नाही. तुमचा आवाज लगेच येऊन राहिला होता.’’

मला समजेना, तेव्हा तिनंच समजावलं. आमच्या जंगलातल्या कॅम्पात तारेचा फोन नव्हता, उपग्रहाचा होता. त्यावर एक वाक्य बोललं की ते पोचायला वेळ लागायचा, मग उत्तर यायलाही तेवढाच. आठ महिने ती माझ्याशी तशीच बोलली होती, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. त्या दिवशी ‘जेवले काय’ विचारल्याबरोबर माझं ‘हो’ आलं. ती म्हणाली, ‘‘तुम्ही ओरडत तर लय होते. पण पलीकडच्या गल्लीतून बोलल्यावानी वाटून राहिलं होतं.’’

मी विचारलं, ‘‘मंग गुरुवारी बाबांले काहून नाही सांगितलं? कॅम्प जवळ होता. निरोप आला असता तर मी धावत आलो असतो.’’

तिनं लेकीचा एक हात धरून खांद्यापासून बोटांपर्यंत तेल ओढलं. मग म्हणाली, ‘‘बाबासमोर तुमचा शब्द खोटा पडला असता. तीन डाव ओवाळून धाडलेला जवाई गावातच लपून बसला, हे साऱ्या कॉलनीत झालं असतं. बाबा काही बोलले नसते. पण त्यायले लागलं असतं.’’

‘‘एवढ्यासाठी?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘एवढ्यासाठी नाही. मले वाटलं, याले यायचं असतं तर हा आला असता.’’

लग्नाला तीन वर्षं झाली होती. ती मला कायम ‘तुम्ही’ म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं तिच्या तोंडून ‘हा’ आलं, आणि ते रागानं आलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेलो. तुला त्रास होऊ नये म्हणून, असं काहीसं. ते वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, कारण ते खरं नव्हतं.

तिनं लेकीला पालथी केली आणि पाठीवर तेल घातलं.

‘‘टेबलावर घेतलं तरी मी दाराकडेच पाहून राहिली होती,’’ ती म्हणाली. ‘‘नर्सबाई चिडली. म्हणे, इधर ध्यान दो, किसका रास्ता देख रही हो? मी म्हटलं, किसी का नहीं.’’